वाचकांचे प्रश्न : तळाला भोक पाडण्याआधी तळ ओळखावा

प्रश्न : गेल्या वर्षी मी मुंबईतील एका गृहस्थांकडून परदेशी बनावटीची, २४ फुटी, जुनी फायबरची मोटरबोट विकत घेतली. बनवणारा कारखाना आता अस्तित्वात नाही आणि मिळालेल्या कागदांत तळाच्या रचनेविषयी एक ओळही नाही. मला तळातून दोन गोष्टी बसवायच्या आहेत : पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राचा ट्रान्सड्यूसर (ध्वनिलहरी सोडणारा व टिपणारा भाग), आणि डेक धुण्यासाठी व मासे जिवंत ठेवण्याच्या टाकीसाठी समुद्राचे पाणी आत घेणारे नळकांडे. आमचे मेकॅनिक म्हणतात की होल-सॉ (गोल भोक कापणारी करवत) लावून दोन्ही भोके अर्ध्या तासात पाडता येतील आणि कडेला सीलंट भरले की काम झाले. परंतु मी तळ आतून ठोकून पाहिला, तेव्हा काही ठिकाणी टणक आणि काही ठिकाणी बोजड आवाज आला, म्हणून काम थांबवले आहे. आता पुढे काय करावे? — एक वाचक, मालवण

उत्तर : आपण थांबलात हे योग्यच केले. मेकॅनिकांनी सांगितलेली रीत एकसंध फायबरच्या तळात बऱ्याच अंशी चालते. मात्र आपला तळ एकसंध आहे की नाही हेच अजून कोणाला ठाऊक नाही, आणि आपण ऐकलेले दोन वेगळे आवाज तो तसा नसावा अशी शंका घेण्यास पुरेसे आहेत.

आपण ‘फायबरची बोट’ असे एकाच नावाने जे ओळखतो, त्यात किमान दोन अगदी भिन्न रचना येतात. पहिल्या रचनेत काचतंतूंचे थर रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवलेले असतात आणि बाहेरच्या जेलकोटपासून (गुळगुळीत रंगीत थरापासून) आतल्या पृष्ठभागापर्यंत मध्ये दुसरे काही नसते. कोकणातील कारागीर साच्यावर हाताने ज्या मासेमारी बोटी घडवतात, त्यांपैकी बहुतेकांचा तळ असा असतो. दुसऱ्या रचनेत बाहेर एक पातळ फायबरचे आवरण, आत तसेच दुसरे आवरण, आणि या दोहोंच्या मध्ये बाल्सा लाकडाचा किंवा फोमचा हलका गाभा असतो. ताठपणा जाडीबरोबर फार वेगाने वाढतो. पत्र्याची जाडी दुप्पट केली तर त्याचा ताठपणा सुमारे आठपट होतो. म्हणून दोन पातळ आवरणे हलक्या गाभ्याने एकमेकांपासून दूर ठेवली, तर वजन फारसे न वाढवता तळ ताठ होतो. वेगाने धावणाऱ्या मोटरबोटीसाठी हा मोठा लाभ आहे आणि ही रचना कमी प्रतीची आहे असा समज कोणी करून घेऊ नये. फक्त तिच्यातील गाभ्याला पाणी लागता कामा नये, आणि भोक पाडताना नेमका तोच उघडा पडतो.

बाल्साचे लाकूड मुख्यतः इक्वेडोरमधून येते आणि बोटीत ते तंतूंची टोके आवरणांकडे येतील अशा रीतीने उभे कापून बसवतात. या मांडणीमुळे पाणी लाकडातून आडवे झपाट्याने पसरत नाही, असे विकणारे सांगतात आणि ते तत्त्वतः खरे आहे. प्रत्यक्षात मात्र हे लाकूड लहान लहान ठोकळ्यांच्या रूपात जाळीदार कापडावर चिकटवलेले येते, म्हणजे ते तळाच्या वळणावर नीट बसते. ठोकळ्यांमधल्या चिरा रेझिनने पूर्ण भरल्या नसतील, तर त्याच चिरा पाण्यासाठी पाटासारख्या होतात. एका ओळखीच्या बोटीवर जुना ट्रान्सड्यूसर काढताना मी स्वतः पाहिले आहे की भोकाच्या कडेतून गाभा भिजलेल्या चहाच्या चोथ्यासारखा हाताला लागला, आणि कोरडे लाकूड मिळेपर्यंत आम्हाला आतले आवरण जवळजवळ दोन फूट कापत जावे लागले. ते भोक पाडणाऱ्याने सीलंट भरले होते, आणि चांगले भरले होते. पण सीलंट काही वर्षांनी कुठेतरी सुटतेच, आणि त्यानंतर गाभा व समुद्र यांच्यामध्ये काहीही उरत नाही.

दुसरा धोका दाबाचा आहे. तळातून जाणाऱ्या नळकांड्याला आतून मोठा नट असतो आणि तो आवळल्याशिवाय सांधा बसत नाही. एकसंध फायबर हा दाब सहज पेलते. गाभ्याचा तळ मात्र नटाखाली हळूहळू दबतो, त्यामुळे आवळलेला नट काही महिन्यांनी सैल भासतो, मालक तो पुन्हा आवळतो आणि गाभा आणखी चिरडतो.

आता तळ ओळखायचा कसा, हे पाहू. ठोकून पाहणे ही चांगली सुरुवात आहे, परंतु बोटांऐवजी प्लास्टिकच्या हातोडीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकावे आणि शक्यतो बाहेरून, बोट किनाऱ्यावर ओढलेली असताना ठोकावे. एकसंध भाग खणखणीत आणि आखूड आवाज देतो. गाभ्याचा भाग थोडा जाड, खालच्या पट्टीतला आवाज देतो. आणि गाभा भिजलेला किंवा आवरणापासून सुटलेला असेल तर आवाज मेल्यासारखा येतो. खडूने खुणा करत गेलात तर तळाचा एक नकाशाच तयार होईल. पण केवळ या नकाशावर विसंबून ड्रिल लावू नये, कारण आतल्या बाजूला चिकटवलेल्या लाकडी किंवा फोमच्या आडव्या-उभ्या पट्ट्या, इंधनाची टाकी, किंवा पोकळीत भरलेला फोम हेही आवाज बदलतात. त्यातच अनेक परदेशी बोटींत आत दिसणारा तळ हा खरा तळ नसतोच. ते फायबरचे वेगळे अस्तर असते आणि त्याच्या व खऱ्या तळाच्या मध्ये रिकामी जागा असते. अशा अस्तरावर नट आवळला, तर तो पोकळीवर आवळल्यासारखे होते.

ओलावा मोजणारे मीटर उपयोगी पडते, परंतु खारट ओल आणि तांबे असलेला तळाचा रंग त्याला फसवतात. रंग नसलेल्या एकसंध फायबरमधून रात्री आत ठेवलेल्या प्रखर बॅटरीचा उजेड बाहेर झिरपतो. आपल्या बोटीच्या तळाला रंग असल्यास ही परीक्षा सोडून द्यावी.

सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे पूर्वीचे एखादे भोक. बोटीत आधीपासून एखादा जुना सेन्सर, पाणी काढण्याचा बूच किंवा वापरात नसलेले नळकांडे असेल, तर ते काढून भोकाची कड स्वच्छ करावी आणि थर डोळ्यांनी पाहावेत. तरीही एका ठिकाणी एकसंध फायबर दिसले म्हणून सर्वत्र तसेच असेल असे मानू नये, कारण गाभ्याचा तळ करणारे चांगले कारखाने पठाणालगत (तळाच्या मधल्या कण्यालगत), कडांच्या वळणांवर आणि स्वतः फिटिंग बसवणार असतील त्या जागी गाभा मुद्दाम वगळतात. म्हणून ज्या जागी भोक पाडायचे ठरले आहे, त्याच जागी अखेरची खात्री करावी. ३ किंवा ४ मिलिमीटरचे ड्रिल घेऊन त्यावर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळावी आणि आतून, अगदी संथ गतीने, थोडे थोडे खाली जावे. पांढरट, टोचणारा भुगा येत राहिला तर ते फायबर आहे. काही मिलिमीटरनंतर ड्रिल एकदम मऊ जागेत शिरले आणि फिकट लाकडी भुसा किंवा फोमचे कण आले, तर तिथे गाभा आहे. भुसा काळा आणि दमट आला, तर नवीन फिटिंगचा विचार बाजूला ठेवून आधी ओल कुठपर्यंत गेली आहे हे शोधावे. बाहेरच्या आवरणाला या तपासणीत हात लागत नाही, त्यामुळे ते लहान छिद्र इपॉक्सीने (दोन द्रव्ये मिसळल्यावर कडक होणाऱ्या रेझिनने) बुजवून टाकता येते.

यानंतर मी आपल्याला एक वेगळा प्रश्न विचारेन : ट्रान्सड्यूसरसाठी भोक हवेच आहे का? एकसंध फायबरमधून ध्वनिलहरी आरपार जातात, म्हणून तळाच्या आतल्या बाजूला इपॉक्सीने चिकटवण्याचे ट्रान्सड्यूसर मिळतात. त्यात थोडी ताकद कमी होते आणि पाण्याचे तापमान कळत नाही, कारण सेन्सर बोटीच्या आतलेच तापमान सांगतो. परंतु किनाऱ्यालगतच्या दहा-वीस मीटर खोलीत हा तोटा जाणवणार नाही. चिकटवण्यापूर्वी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून तीत ट्रान्सड्यूसर बुडवावा, पिशवी ठरवलेल्या जागी तळाला दाबून धरावी आणि बोट तरंगत असताना यंत्र खोली नीट दाखवते का ते पाहावे. गाभा असलेल्या जागी ही परीक्षा फसते, कारण गाभ्यातील हवा ध्वनी गिळून टाकते. अशा वेळी सर्वांत हलका पर्याय म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भागावर बाहेरून बसणारा ट्रान्सड्यूसर. तोही थेट स्क्रूने बसवू नये, कारण त्या उभ्या भागात बहुधा प्लायवूड असते आणि पाण्याखालचा प्रत्येक स्क्रू म्हणजे एक लहान भोकच आहे. आधी प्लास्टिकचा जाड तुकडा चिकटवून घ्यावा आणि स्क्रू त्या तुकड्यातच संपतील अशा लांबीचे वापरावेत. माझा स्वतःचा कल, जिथे जमेल तिथे, न पाडलेल्या भोकाकडेच असतो.

पाणी आत घेण्यासाठी मात्र भोक लागेलच. आपल्या तळात त्या जागी गाभा निघाला, तर पुढील क्रम पाळावा. प्रथम नळकांड्याच्या व्यासाहून बरेच मोठे, म्हणजे ४० मिलिमीटरचे नळकांडे असेल तर साधारण १०० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ आतल्या आवरणात कापावे आणि ते आवरण व त्याखालचा गाभा पटाशीने काढून टाकावा. बाहेरचे आवरण शाबूत राहिले पाहिजे. उघडी पडलेली गाभ्याची कड पूर्ण कोरडी आहे याची खात्री करून घ्यावी, खड्ड्याच्या भिंती उताराच्या कराव्यात, कडेला आधी पातळ इपॉक्सी पाजावे आणि मग काचकापडाचे तुकडे व घट्ट केलेले इपॉक्सी यांचे थर देत खड्डा भरून काढावा. एकदम सारा खड्डा भरू नये. जाड थरात इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने तापते, आणि एप्रिल-मे महिन्यांत तर ते धुमसू लागते. भरलेला भाग कडक झाला की त्याच्या मधोमध नळकांड्याचे भोक पाडावे. आता या भोकाच्या चारही बाजूंना घन फायबर आहे, गाभा समुद्राला कुठेही दिसत नाही आणि नटाखाली दबण्यासारखे काही उरलेले नाही. नुसत्या भोकाच्या कडेला इपॉक्सीचा हात फिरवणे हा याला पर्याय नव्हे. त्यानंतर आतून फायबरची किंवा इपॉक्सी पाजलेल्या प्लायवूडची जाड पट्टी तळाच्या वळणाशी जुळवून चिकटवावी, म्हणजे नळकांड्यावर बसणाऱ्या, पाणी बंद करण्याच्या व्हॉल्व्हला सपाट बैठक मिळेल.

प्रत्यक्ष भोक पाडताना मध्यबिंदूचे लहान छिद्र आतून पाडावे आणि मोठे होल-सॉ बाहेरून चालवावे. जेलकोट ठिसूळ असतो. त्यावर चिकटपट्टी लावून होल-सॉ सुरुवातीला उलट दिशेने फिरवल्यास त्याचे टवके उडत नाहीत.

जागा निवडताना ट्रान्सड्यूसरसमोरचे पाणी स्वच्छ राहिले पाहिजे, म्हणून पाणी घेणारे नळकांडे त्याच्या पुढे नसावे. त्यातून उठणारे बुडबुडे खोलीचे आकडे बिघडवतात. बोट वेगात वर उचलली जाते तेव्हाही पाण्यात राहणारा, मागच्या बाजूचा, पठाणाजवळचा भाग दोन्हींसाठी योग्य. व्हॉल्व्हपर्यंत हात सहज पोहोचला पाहिजे, अंधारातही. पाण्याच्या पातळीखाली ६० सेंटिमीटरवर ३८ मिलिमीटरचे भोक उघडे राहिले, तर गणिताने मिनिटाला सुमारे १४० लिटर, म्हणजे तासाला ८,००० लिटरांहून अधिक पाणी आत येते. बाजारातील बिल्ज पंपावर (तळात साचलेले पाणी उपसणाऱ्या पंपावर) छापलेल्या आकड्यात उंची आणि पाइपाचा अडथळा धरलेला नसतो, हे लक्षात घेतले म्हणजे या व्हॉल्व्हचे मोल कळते.

हंगामाविषयीही सांगतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते आणि त्या काळात बोटी वर ओढलेल्या असतात, म्हणून अशी कामे तेव्हाच उरकण्याची पद्धत आहे. भोकाच्या कामासाठी मात्र पावसाळा वाईट, कारण दमट हवेत कडक होणाऱ्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुऊन काढला नाही तर पुढचा थर चिकटत नाही, आणि उघडा गाभा तर पावसात कोरडा होतच नाही. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस निवडावेत. बोट प्रवासी वाहतुकीसाठी नोंदलेली असेल, तर तळात बदल करण्यापूर्वी सर्वेक्षकाला कळवून त्यांची संमती घ्यावी.

प्रश्न : माझ्या फायबर बोटीचा तळ एकसंध आहे. पाणी घेण्याच्या नळकांड्यावर नळाच्या दुकानात मिळणारा पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवला तर चालेल का? दिसायला तो सी-कॉकसारखाच (तळाच्या नळकांड्यावर बसणाऱ्या सागरी व्हॉल्व्हसारखाच) आहे आणि किंमत एक चतुर्थांश. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चालणार नाही, आणि कारणे दोन आहेत. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. समुद्राच्या पाण्यात त्यातील जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे उरते ते गुलाबीसर, सच्छिद्र, ठिसूळ तांबे. वस्तूचा आकार तोच राहतो, त्यामुळे पाहणाऱ्याला काही कळत नाही, आणि एक दिवस पाइप काढताना व्हॉल्व्ह हातात मोडून येतो. पाण्याखाली गनमेटल, म्हणजे ब्राँझ, किंवा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे सागरी फिटिंग घ्यावे. स्टेनलेस स्टील चकचकीत दिसते, परंतु सीलंटखाली साचलेल्या, प्राणवायू न पोहोचणाऱ्या पाण्यात त्याला फटींतून गंज लागतो.

दुसरे कारण आट्यांचे आहे. तळातील नळकांड्याचे आटे समांतर असतात. नळाच्या व्हॉल्व्हचे बहुधा निमुळते असतात. दोन्ही एकमेकांत शिरतात आणि घट्टही वाटतात, पण खरी पकड दोन-तीन आट्यांचीच असते. अमेरिकेतील एबीवायसी या संस्थेच्या मानकानुसार बसवलेल्या सी-कॉकने आतल्या टोकावर ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो, भार ३० सेकंद सोसला पाहिजे. हा आकडा अवाजवी वाटेल, पण लाटेत तोल जाऊन कोणी त्यावर पाय देतो किंवा सुटलेला नांगर त्यावर आदळतो, तेव्हा भार असाच येतो. बुडाशी रुंद बैठक असलेला सी-कॉक हा भार तळावर पसरवतो. नळकांड्याच्या टोकावर तरंगणारा बॉल व्हॉल्व्ह तो सारा आट्यांवर घेतो.

सांध्यासाठी सिलिकॉन वापरू नये. पॉलियुरेथेनचे सागरी सीलंट वापरावे. पॉलिसल्फाइडही गनमेटलला उत्तम आहे, मात्र काही प्लास्टिक त्याने खराब होतात, म्हणून प्लास्टिकच्या फिटिंगला ते लावू नये.

प्रश्न : आमची सागवानी होडी वडिलांच्या वेळची आहे. तिला इंजिन बसवले आहे आणि आता खोली मोजणारे यंत्र लावायचे आहे. लाकडात भोक पाडताना वेगळी काय काळजी घ्यावी? — एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : आतून चिकटवण्याचा ट्रान्सड्यूसर आपल्याला उपयोगाचा नाही, कारण लाकूड ध्वनी नीट जाऊ देत नाही. मागे बाहेरून बसणारा चालत असेल तर तो पहिला पर्याय समजावा. तळातूनच बसवायचा झाल्यास भोक एका फळीच्या रुंदीच्या मधोमध यावे. दोन फळ्यांच्या सांध्यावर, फळीच्या टोकाशी किंवा वांकावर (होडीच्या आतल्या बरगडीवर) ते कधीही घेऊ नये. सांध्यात भरलेला कापूस जिथे सुरू होतो, तिथून पुरेसे अंतर राखावे. आतून लाकडाचा ठोकळा फळीच्या वळणाशी घासून जुळवावा आणि सीलंटच्या थरावर बसवावा.

प्लास्टिकच्या दांड्याचा ट्रान्सड्यूसर लाकडी तळात बसवू नये. होडी पाण्यात गेली की फळ्या फुगतात आणि प्लास्टिकला चारही बाजूंनी आवळून तडा देतात. म्हणून लाकडासाठी गनमेटलचा घ्यावा लागतो. पण आपल्या होडीच्या फळ्या लोखंडी खिळ्यांनी ठोकलेल्या असतील, तर खाऱ्या पाण्यात गनमेटलच्या सान्निध्याने जवळचे खिळे झपाट्याने झिजतात आणि भोवतालचे लाकूडही मऊ पडते. भोकाची जागा ठरवण्याआधी खिळ्यांच्या रांगा शोधून खुणा कराव्यात, गनमेटल कोणत्याही खिळ्याला टेकणार नाही असे पाहावे आणि भोकाच्या उघड्या लाकडाला इपॉक्सी पाजून कोरडे होऊ द्यावे.

नट सुरुवातीला बेताचाच आवळावा. लाकूड फुगल्यावर सांधा आपोआप घट्ट होतो, आणि आधीच पिळून आवळलेला नट मग लाकडातच रुततो. होडी पाण्यात सोडल्यावर लगेच किनारा सोडू नये. सांध्याभोवती कोरडा कागद फिरवून एका तासाने, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने ओल तपासावी, आणि फिटिंग तुटल्यास भोक बुजवता यावे म्हणून भोकाच्या मापाचा मऊ लाकडाचा निमुळता खुंटा दोरीने त्या फिटिंगलाच बांधून ठेवावा.